टेकची हजेरी

मला इंग्रजी येतं, असं मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो आणि त्यावर मला नोकरी मिळाली.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. जळगावहून मराठीची पदवी घेऊन मी भडगावच्या पुढच्या एका गावी, गिरणेच्या काठावरच्या हायस्कुलात मुलाखतीला गेलो. हेडमास्तरांनी चष्म्यावरून विचारलं, "मराठीची जागा भरली. इंग्रजी शिकवाल?" मी म्हणालो, "हो, सहज." त्या 'सहज'चा पश्चात्ताप मला जूनच्या पहिल्या तासालाच झाला. आठवीच्या वर्गापुढे उभा राहून मी खडूनं फळ्यावर 'टेक' लिहिलं आणि ठणकावून सांगितलं, "टेक म्हणजे घेणे. लिहून घ्या. संपलं."

माझ्या आणि शेजारच्या वर्गात भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. त्याच्या पलीकडून एक संथ, खर्जातला आवाज आला, "संपलं नाही."

वर्ग गप्प झाला. मी तर त्याहून गप्प झालो. हे सैंदाणे सर.

मधल्या सुट्टीत बघितले. उंच, वाळकी अंगकाठी, धुतलेला पण कॉलरला रफू केलेला पांढरा सदरा, कानाच्या पाळीवर केसांचा एक पुंजका. घर धुळ्याला, इथं शिंप्याच्या माडीवर एक खोली भाड्यानं घेतलेली. शनिवारी दुपारच्या गाडीनं धुळ्याला जायचे, सोमवारी पहाटे परत. डब्यात कायम ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, तोही डब्यावर डावा हात आडवा धरून खायचे, जणू कुणी समोरून उचलून नेईल. मला म्हणाले, "जळगावकर, बसा. घेणे हा त्या क्रियापदाचा सगळ्यात धाकटा पोर आहे. थोरले अजून तुम्ही पाहिलेच नाहीत." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी जळगावकर झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

त्यांची एक सवय शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. वर्गाच्या दारात आल्यावर ते क्षणभर थांबायचे आणि थोडे बाजूला व्हायचे, एखाद्या वडीलधाऱ्याला आधी आत जाऊ द्यावं तसे. मग स्वतः आत शिरायचे. मी एकदा आगाऊपणानं विचारलं, "सर, कुणाला वाट देता?"

"आज जो शब्द शिकवायचाय त्याला. तो आपल्याहून वयानं मोठा असतो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

'टेक'ची गोष्ट त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत सांगितली, श्रावणातल्या एका अंधारून आलेल्या दुपारी. ती ते व्याकरण सांगावं तशी सांगत नसत, शेजारच्या घरात काय झालं ते दबक्या आवाजात सांगावं तशी सांगत. "इंग्रजांच्या घरात आधी दुसराच शब्द राहत होता. निम. घेणे, धरणे, उचलणे, सगळी कामं तोच करायचा. मग उत्तरेकडून समुद्रावरून होड्या आल्या. त्यातून हा उतरला, टेक. त्याचा मूळचा अर्थ घेणे नव्हे, जळगावकर. हात लावणे. नुसता हात लावणे. यानं ज्या ज्या वस्तूला हात लावला, ती ती याची झाली. पार घर याचं झालं. निम कुठं गेला, कुणी विचारलंसुद्धा नाही."

"मेला?"

"मेलेला पूर्ण जात नाही. हातापायाला मुंग्या येऊन बधिर होतो ना, त्याला इंग्रजीत नंब म्हणतात. तो त्याचाच राहिलेला अवशेष. नंब म्हणजे मुळात 'धरला गेलेला'. आपला पाय बधिर होतो तेव्हा तो निमनं धरलेला असतो."

आता माझी फजिती सांगतो. ही कथा ऐकताना मी पाय दुमडून बाकावर बसलो होतो. उठायला गेलो तर उजवा पाय आपला नव्हताच. मी "आई गं!" अशी किंकाळी फोडून शिपाई नारायणच्या अंगावर कोसळलो, आणि त्याच्या हातातला चहाचा ट्रे हेडमास्तरांच्या धोतरावर. पुढं महिनाभर मुलं मला बघून एका पायावर लंगडी घालत. सैंदाणे सर मात्र अगदी गंभीरपणे म्हणाले, "सोडलं ना त्यानं? मग झालं."

पण सरांचं नाव पंचक्रोशीत झालं होतं ते टेकच्या हजेरीमुळं.

शनिवारी सकाळची शाळा असायची. पहिला तास इंग्रजीचा. त्या तासाला नववी-दहावी एकत्र बसे, आणि सर मुलांची नावं पुकारत नसत, टेकचे अर्थ पुकारत. एकेक अर्थ एकेका पोराकडं सोपवलेला. सर मराठीतून हाक मारायचे, "फोटो काढणे!" की कोपऱ्यातला एक जण उठून इंग्रजी वाक्य बोलायचा. "औषध घेणे!" "वेळ लागणे!" "विमान उडणे!" 'बापावर जाणे' हा अर्थ पोलीस पाटलाच्या मुलाकडं होता, तो उठून "ही टेक्स आफ्टर हिज फादर" म्हणाला की अख्खा वर्ग तोंडात रुमाल कोंबायचा, कारण गावात त्याच्या वडिलांना सगळे ओळखत होते. पोरांना गावातही त्याच नावानं हाका पडत. बाजारात एक म्हातारी सरळ म्हणायची, "ए विमान उडणे, आठ आण्याची मिरची दे."

आणि हे अर्थ पुढं कसे जायचे? मार्चमध्ये दहावीची मुलं निघाली की प्रत्येकानं आपला अर्थ आठवीतल्या एकाला द्यायचा. लिहून नाही, सांगूनही नाही. डोक्यावर हात ठेवून, वाक्य तीनदा म्हणवून घेऊन. मग गूळ-शेंगदाणे. सर म्हणायचे, "याचा जन्मच हात लावण्यात झालाय. हातानंच गेला पाहिजे. एकदा हात सुटला की तो अर्थ पोरका." मला हे सगळं फार गंमतीचं वाटायचं. पुढं वाटेनासं झालं.

'मूळ धरणे' हा अर्थ लोटनकडं होता.

लोटन नववीत, अंगानं बारका, नदीकाठच्या पट्टीत आईबरोबर केळीच्या बुंध्याभोवती खांदणी-खुरपणी करायचा. वडील लहानपणीच वारलेले. सरांनी हा अर्थ त्यालाच का द्यायला लावला असावा, हे त्याच्या नखांतली माती बघितली की कळायचं. "मूळ धरणे!" म्हटलं की तो उठायचा, खिडकीतून बाहेर बघायचा आणि म्हणायचा, "द प्लँट टेक्स रूट." आवाज जरा फाटका, शेवटचा शब्द ओढून धरणारा. रू-ट.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला कावीळ झाली आणि तो गेला. शाळा उघडल्यावर कळलं.

पहिल्या शनिवारी मी पार्टिशनच्या अलीकडं माझा तास घेत होतो. पलीकडं हजेरी चालू होती. "वेळ लागणे." उत्तर. "विमान उडणे." उत्तर. मग सर म्हणाले, "मूळ धरणे."

शांतता. सर वाट बघत राहिले. एखादं पोर उठून वाक्य बोलायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ. मग पुढचा अर्थ.

मी म्हटलं, चूक झाली असेल. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. वर्गातली पोरं त्या शांततेत खाली मान घालून बसत. लोटनच्या बाकावरचा शेजारी दुसरीकडं सरकला. हळूहळू कुणी म्हणायला लागलं की त्या वेळी बाक वाजतो. कुणी म्हणालं, खिडकी आपोआप उघडते. मी विज्ञानाचा बाणा दाखवत म्हणालो, "गिरणेचं वारं असेल."

मग एका शनिवारी सरांना सकाळीच भडगावच्या बँकेत जावं लागलं, पहिल्या तासाला ते पोचणार नव्हते. हेडमास्तरांनी मला पाठवलं, "जा, ते टेकबिक घेऊन टाका पटकन." मी गेलो, पुकारत गेलो, आणि लोटनचा अर्थ हुशारीनं गाळून पुढचा पुकारला. कुणी उठेना. पुन्हा पुकारला. अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता आणि पुढच्या बाकावरची मंगला अगदी हळू म्हणाली, "सर, मधला राह्यला."

त्या पोरांना त्या शांततेची भीती वाटत होती. पण ती गाळायची त्याहून जास्त भीती वाटत होती. मी "मूळ धरणे" म्हणालो, आणि ते शब्द माझ्या तोंडून असे काही निघाले की मला वाटलं, लोटनच्या बाकाकडं बघावं. मी बघितलं नाही. फळा पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवून उभा राहिलो. फळा कोराच होता.

गावात बोभाटा झाला. पालक नारळ घेऊन शाळेत यायला लागले. "सर, आमच्या पोराचा अर्थ काढून घ्या." शाळेचे चेअरमन आबा, मोठे केळीवाले, हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून म्हणाले, "सैंदाणे सर, मेलेल्या पोराले काय शिकाडतस तुम्ही? बंद करा हे."

सर म्हणाले, "आबा, पोर तो अर्थ कुणाच्या हातात न देताच गेलं. हाक मारली नाही तर तो अर्थही गेला आणि पोरही."

"पोर तर गयाच ना!"

सर उठून उभे राहिले, मग आबाही उठले. सरांची ही एक पद्धत होती: बोलणं संपवायचं असलं की उभं राहायचं.

लोटनची आई आली ती यानंतर. आम्ही तिला जनाअक्का म्हणायचो. मळक्या पातळाचा पदर डोक्यावरून, पायांत चप्पल नाही. शिक्षकांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली आणि सरांना म्हणाली, "सर, तुम्ही मन्हा पोऱ्याले दर शनवारे बलावतस. बठ्ठा गाव म्हणस, त्यामुळे तो जात नही. आठेच, शाळामा, फिरस. माले सांगा, त्याले सोडानं का ठेवानं?"

मला वाटलं, आता सर माफी मागतील. त्यांनी विचारलं, "अक्का, शेवटी त्यानं कुणाला हात लावला होता?"

तिला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "माले. मन्हा हात धरी ऱ्हायनता. इंग्रजीमा काही बोलस. म्हने, माय, तू बी म्हन. माले वाटनं, तापमा बडबडस. पन त्यानं सोडंच नही. मी म्हनं, तवय त्यानं हात सोडा."

"काय म्हणालात?"

जनाअक्का डोळे मिटून, प्रत्येक शब्द ओंजळीत धरल्यासारखा, म्हणाली, "द पलांट... टेक... रूट."

शेवटचा शब्द ओढून. रू-ट. मी हातातला चहा खाली ठेवला. यावेळी सांडला नाही, हे विशेष.

सर मग म्हणाले, "म्हणजे तो तुमच्याकडं आहे. तुम्ही कुणालातरी दिलात की तो सुटेल. शनिवारी या."

तिला पटलं. पण शनिवारी काय होणार ते दुसऱ्यांच्या हातात होतं. गावात ठरलेलंच होतं की त्या बाईचा हात ज्याच्या डोक्यावर पडेल, तो पुढचा. काही पोरं त्या दिवशी आलीच नाहीत. जी आली त्यांना आयांनी काळे दोरे बांधले होते. मी माझा वर्ग वाऱ्यावर सोडून पार्टिशनच्या फटीला डोळा लावला होता. माझ्याशेजारी नारायण शिपाईही. घंटा कुणीच दिली नाही.

जनाअक्का लोटनच्या बाकावर बसली होती. सर पुकारत आले. "मूळ धरणे."

ती उठली. तिनं वाक्य म्हटलं. मग उभी राहिली. सर म्हणाले, "कुणी घेईल? जबरदस्ती नाही."

कुणी हललं नाही. जनाअक्कानं एकेका पोराकडं बघितलं आणि प्रत्येकानं मान खाली घातली. त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. पोर गेलं तेव्हा ती अशी दिसली नसेल. तेव्हा तिला निदान कुणापुढं काही मागायचं नव्हतं.

मंगला उठली. मघाशी सांगितलं ती, पुढच्या बाकावरची. लोटनशी तिचं कायम भांडण. त्यानं तिची दौत सांडली, तिनं त्याची टोपी विहिरीत टाकली, असं वर्षभर चालू होतं. ती जनाअक्काच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि रागावल्यासारखी म्हणाली, "माले द्या. त्यानं माले दिधाच असता."

अक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. वाक्य तीनदा म्हणून झालं. गूळ-शेंगदाण्यांची पुडी सरांच्या हातात तयार होती. पण अक्काचा हात निघेना. मंगला तशीच उभी, मान ताठ, डोळे घट्ट मिटलेले.

"अक्का," सर हळू म्हणाले, "सोडा आता."

"सोडस, सर. जराखं थांबा."

सगळे थांबले. मग तो हात वर आला, हळूहळू, खूप जड काहीतरी उचलून घेतल्यासारखा. अक्का काही न बोलता बाहेर गेली.

मला वाटलं, संपलं. पार्टिशनपलीकडच्या त्या पहिल्या 'संपलं नाही'नं मला शिकवलं असायला हवं होतं की तसं काही नसतं.

पुढच्या शनिवारी सर म्हणाले, "मूळ धरणे." मंगलाचा स्पष्ट, तिखट आवाज आला, "द प्लँट टेक्स रूट." आणि तिच्या शेवटच्या शब्दाच्या मागून, अगदी किंचित उशिरा, दुसरा. फाटका. रू-ट.

मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. "सर, मंगलाबरोबर कोण बोलतं?"

ते भाकरी मोडायचे थांबले. "तुम्हालाही? मला वाटलं, जळगावकडच्यांना येणार नाही ऐकू."

"थट्टा नको."

"पत्र्याखाली आवाज घुमतो, जळगावकर."

"मग बाकीच्यांचा का घुमत नाही?"

"तेच तर," सर म्हणाले, आणि डब्यावरचा हात काढून घेतला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मला त्यांच्या डब्यातली भाकरी दिली. दोघांनी मिळून खाल्ली.

जनाअक्का आता दर शनिवारी सकाळी खिडकीखाली येऊन बसायची. आत यायची नाही. हजेरी झाली की उठून शेताकडं जायची. तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की तिलाही दोन आवाज ऐकू येतात. लोटन सुटला नव्हता. त्याचा अर्थ गेला होता, तो राहिला होता. मंगला मात्र अजिबात घाबरली नव्हती. ती मला एकदा म्हणाली, "सर, तो आधीपासूनच मधे बोलायचा."

एप्रिलच्या शेवटी सैंदाणे सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात आबांनी शाल घातली आणि भाषणात टेक या शब्दाचा उल्लेख काळजीपूर्वक टाळला. सरांचा वर्ग माझ्याकडं येणार होता, आणि हजेरी बंद करायची अशी तोंडी ताकीद मला मिळाली होती. सरांनाही ती माहीत होती.

समारंभ संपल्यावर जनाअक्का लिंबाखाली उभी होती. पुढं येऊन म्हणाली, "सर, तुम्ही गयात का मंग त्याले कोन बलाई? तठे बाकवर एकलाच बठी ऱ्हाई का तो?"

सर उन्हात उभे होते, शाल हातावर घेतलेली. त्यांना एरवी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देण्याआधी चार अर्थ सांगायची खोड. यावेळी एकच शब्द म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पोचवायला एस.टी. थांब्यावर गेलो. लग्नसराई. भडगावहून धुळ्याला जाणारी गाडी आली ती माणसांनी, हारांच्या टोपल्यांनी, रडणाऱ्या पोरांनी गच्च भरलेली. मी आपली मर्दुमकी दाखवत सरांची वळकटी डोक्यावर घेऊन पुढच्या दारानं आत घुसलो. मागच्या बाजूला दोन माणसांची एक सीट अगदी तेव्हाच रिकामी झाली होती. सर कडेला बसले, खिडकीकडची जागा मोकळी. मी हाशहुश्श करत वळकटी त्या मोकळ्या जागेवर आपटायला गेलो.

सरांनी माझं मनगट धरलं. "तिथं नको, जळगावकर."

गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. एक लठ्ठ मामा त्या सीटकडं बघून पुढं सरसावले, थबकले, आणि का कोण जाणे, तसेच दांडी धरून उभे राहिले. कंडक्टर माणसं ढकलत आला.

"कुठं, सर?"

"दोन धुळे."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी नाही. त्यानं त्या मोकळ्या जागेकडं बघितलं. "दुसरं कुणाचं?"

"बसलाय," सर म्हणाले.

कंडक्टर खानदेशातलाच होता. तो क्षणभर थांबला आणि त्यानं दोन तिकिटं फाडली.

मी वळकटी डोक्यावर तशीच घेऊन खाली उतरलो. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं की ती तर सरांची होती. पुढं आठवड्यानं धुळ्याला जाऊन पोचवावी लागली. पण त्या क्षणी मला कशाचीच शुद्ध नव्हती, कारण जनाअक्का त्या खिडकीखाली उभी होती. सरांकडं बघत नव्हती. रिकाम्या जागेकडं बघत होती, हात खिडकीच्या गजावर. तिनं पदराच्या टोकानं गज पुसला, पोराच्या तोंडावरची धूळ पुसावी तसा.

"नीट जाय बरं," ती म्हणाली.

गाडी वळणावर गेली. धुळीत ती थोडा वेळ उभी राहिली, मग वळली आणि केळीच्या बागेकडं चालायला लागली. मागे वळून तिनं एकदाही बघितलं नाही.